घरचा फोन, कचेरीचे टपाल

झाशीचा किल्ला टेकडीवर आहे व राणीमहाल खाली वस्तीत आहे. १८५४ पूर्वी या दोन वास्तूंमधील अंतर केवळ चालण्याचे होते. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात ते कायद्याचे झाले. गंगाधरराव नेवाळकर २१ नोव्हेंबर १८५३ रोजी वारले. आदल्या दिवशी त्यांनी दत्तक घेतलेल्या दामोदररावांस गादीचा वारस मानण्याचे गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी याने नाकारले आणि संस्थान खालसा केले. किल्ला कंपनी सरकारकडे गेला. राणी लक्ष्मीबाईंस राहावयास शहरातील महाल मिळाला व दरमहा पाच हजार रुपयांची नेमणूक ठरली. येथवरची हकीकत शाळेतील मुलांसही ठाऊक असते. तिच्यातील एक बारकावा मात्र सहसा सांगितला जात नाही. जे दत्तविधान राज्याच्या बाबतीत निरर्थक ठरविले, तेच गंगाधररावांच्या खासगी मिळकतीच्या बाबतीत कंपनीने ग्राह्य धरले. राज्य सरकारजमा झाले. खासगी दामोदररावांचे राहिले. पण ते ठेवले कोठे? वारस अज्ञान म्हणून सहा लाखांच्या आसपासची ती रक्कम सरकारी खजिन्यातच ठेवण्यात आली. पुढे मुलाच्या मुंजीसाठी तीतून एक लाख रुपये काढण्याची वेळ आली, तेव्हा राणीस अर्ज करावा लागला व त्यावर जामीनदार मागण्यात आले. मुलाची मुंज, मुलाचाच पैसा, आणि जामीन आईने द्यावयाचा!

वहीत ही रक्कम दामोदररावांची होती. पेटी मात्र सरकारची होती. १८५७ चा उठाव झाला, १८५८ च्या जूनमध्ये राणी ग्वाल्हेरजवळ रणांगणावर पडल्या, आणि ती रक्कम दामोदररावांच्या हाती पुढे कधीच आली नाही. इंदुरास अल्पशा नेमणुकीवर दिवस काढून ते १९०६ मध्ये वारले.

प्रस्तुत पुस्तिकेचा विषय खिशातील फोन हा आहे. तरीही वरील हकीकत प्रारंभी दिली आहे, कारण फोनविषयीचा आजचा प्रश्न नेमका याच स्वरूपाचा आहे. नोकरदार मनुष्य स्वतःच्या पैशाने घेतलेल्या फोनवर कचेरीचे ई-मेल घेऊ लागला की, एकाच वस्तूत दोन खाती नांदू लागतात. त्यांतील एक खाते त्याचे खासगी आहे, हे कचेरीही तोंडाने मान्य करते. पण वहीत वेगळी असलेली खाती पेटीतही वेगळी आहेत काय, आणि असल्यास किल्ली कोणाकडे आहे, हे फारच थोडे लोक विचारतात.

खासगी हा शब्द मराठी भाषेत रुळला तो दरबारी व्यवहारातून. राज्याचा जमाखर्च म्हणजे दौलत आणि राजघराण्याचा स्वतःचा म्हणजे खासगी. इंदूरच्या होळकरांकडे खासगी हे एक स्वतंत्र खातेच होते व अहिल्याबाईंच्या पुष्कळ दानधर्माचा खर्च त्यातून चाले. म्हणजे ‘खासगी’ या शब्दाचा मूळ रोख गुपितावर नाही. ही वस्तू कोणाच्या अधिकारातील, यावर आहे. ‘मला काय लपवावयाचे आहे?’ असे म्हणून जो मनुष्य या विषयाकडे पाठ फिरवितो, तो शब्दाचा अर्थच चुकीचा घेत असतो. झाशीच्या वेढ्याच्या वेळी शहरात असलेले वरसईचे विष्णुभट गोडसे यांनी आपली हकीकत पुढे लिहून काढली, ती हयातीत छापू नये असे सांगून चिंतामणराव वैद्यांच्या स्वाधीन केली, आणि ती ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ मध्ये त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाली. त्या लिखाणात गोडसेभटजींस लाज वाटावी असे काही नव्हते. ते कोणाच्या हाती व केव्हा पडावे, एवढे ठरविण्याचा अधिकार त्यांनी आपल्याकडे ठेवला होता.

टपालाची वाट

झाशी हे आज नोकरदारांचे शहर आहे. रेल्वेचा विभाग आणि १८९५ पासूनचा डबेदुरुस्तीचा कारखाना, १९६२ मध्ये स्थापन झालेली गवत व चारा यांवरील राष्ट्रीय संशोधनसंस्था, अवजड विद्युत् सामग्रीचा कारखाना, १९७५ चे बुंदेलखंड विद्यापीठ, शिवाय बँका व जिल्ह्याच्या कचेऱ्या. अशा कोणत्याही शहरात आता कामाची पत्रे कागदावर कमी व ई-मेलने अधिक येतात. टेबलावरील संगणक संध्याकाळी बंद होतो, पण पत्रे यावयाची थांबत नाहीत. म्हणून ती फोनवर घ्यावयाची. कचेरीने यासाठी फोन दिला तर प्रश्न बराच सोपा असतो. बहुधा ती देत नाही.

ई-मेल फोनमध्ये ‘येते’ असे आपण म्हणतो; वस्तुतः ते कचेरीच्या किंवा कचेरीने भाड्याने घेतलेल्या सर्व्हर नावाच्या संगणकावर राहते, आणि फोनला त्याची प्रत मिळते. ही प्रत ताजी राहावी म्हणून फोन व सर्व्हर यांचे बोलणे अखंड चाललेले असते. पोस्टमन पत्र टाकून निघून जातो. हा पोस्टमन मात्र उंबऱ्यावर बसूनच असतो. प्रत्येक बोलण्यात फोन स्वतःविषयी काही माहिती देतो: त्याची बनावट कोणती, त्यातील मूळ प्रणाली कोणत्या आवृत्तीची, वेळ कोणती, आणि इंटरनेटवरील कोणत्या पत्त्यावरून तो बोलतो आहे. सर्व्हर ही माहिती नोंदवहीत टिपतो. यात कोणाचा दुष्ट हेतू असतो असे नाही. चोरट्याने दुसऱ्याच्या नावाने शिरकाव केला तर तो याच नोंदीवरून पकडला जातो.

तथापि या साध्या नोंदीतूनही पुष्कळ उमगते. समजा, झाशीतील एक कारकून चार दिवसांची रजा काढून झेलम एक्स्प्रेसने पुण्यास बहिणीकडे गेला. फोनचे स्थानदर्शक त्याने बंद ठेवले आहे. पण बहिणीच्या घरच्या वाय-फायवर फोन जोडला जाताच सर्व्हरच्या नोंदवहीत पुण्याकडील इंटरनेट-पत्ता उमटतो. हा पत्ता घरक्रमांक सांगत नाही, शहराचा अंदाज देतो, आणि कधी कधी तोही चुकतो. मनुष्य रात्री किती वाजता जागा होता, पहाटे किती वाजता त्याने पत्र उघडले, सुट्टीच्या दिवशी किती वेळा डोकावले, हेही त्या वहीत असते. ती वाचावयास कोणी बसत नाही, हे खरे. परंतु तंटा उद्भवला म्हणजे ती वाचणारा निघतो.

पत्र पाठविणाराही कधी कधी असेच काही जाणून घेतो. पत्रात डोळ्यांस न दिसणारे एक बिंदूएवढे चित्र ठेवलेले असते. पत्र उघडले की ते चित्र पाठविणाराच्या सर्व्हरवरून मागविले जाते, आणि त्या मागणीबरोबर उघडण्याची वेळ व इंटरनेट-पत्ता त्याला कळतो. यावर उतारा साधा आहे: पत्रातील चित्रे आपोआप उतरवून घेऊ नयेत, अशी आज्ञा फोनला देता येते. काही टपाल-ॲप चित्रे स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणतात, त्यामुळे वाचकाचा पत्ता झाकला जातो.

न वाचता दिलेली संमती

येथवर जे सांगितले ते नोंदीपुरते झाले. खरी काळजी पुढे आहे.

कचेरीचे खाते फोनच्या स्वतःच्या टपाल-ॲपमध्ये जोडताना पडद्यावर एक मजकूर येतो. हा सर्व्हर फोनच्या सुरक्षिततेची काही अंगे नियंत्रित करू इच्छितो, असा त्याचा आशय असतो. खाली ‘मान्य’ असे बटन असते. पत्रे लवकर यावीत म्हणून मनुष्य ते दाबतो. मजकुरातील ओळी मात्र वाचण्यासारख्या असतात. कुलपाचा पिन किती अंकांचा असावा, फोन किती वेळाने आपोआप बंद व्हावा, हे सर्व्हरने ठरवावयाचे; आणि त्याच ओळींत पुष्कळदा असेही असते की, फोनमधील सर्व माहिती पुसून टाकण्याचा अधिकार सर्व्हरला राहील.

हा अधिकार कोठून आला ते पाहू. या शतकाच्या पहिल्या दशकात एक्स्चेंज ॲक्टिव्हसिंक या नावाची पद्धती कचेऱ्यांतून रूढ झाली. त्या काळी कामाचे फोन बहुशः कचेरीच्याच मालकीचे असत. फोन टॅक्सीत विसरला, तर त्यातील करारमदार दुसऱ्याच्या हाती पडू नयेत म्हणून दुरून आज्ञा करून तो कोरा करण्याची सोय या पद्धतीत ठेवण्यात आली. कचेरीच्या फोनपुरती ती अगदी योग्य होती. पुढे लोक स्वतःचे फोन जोडू लागले. पद्धती मात्र तीच राहिली. तिला फोनमध्ये कचेरीचा भाग कोणता व घरचा कोणता हे दिसत नव्हते. तिला एक फोन दिसत होता, आणि आज्ञा मिळाली की ती तो संबंध पुशीत होती. केवळ टपालाचे खाते पुसावे अशी सोय नंतर झाली, पण ती सगळीकडे पोहोचली असे समजण्याचे कारण नाही.

पुसण्याची ही क्रिया दोन मार्गांनी घडते. एक, कचेरीतील व्यवस्थापक आज्ञा सोडतो. फोन त्यावेळी बंद असला तर आज्ञा सर्व्हरवर वाट पाहत बसते, आणि फोन पुन्हा जोडला गेला की अमलात येते. नोकरी सोडलेल्या मनुष्याचे नाव यादीतून काढताना एखाद्या कर्मचाऱ्याने चुकून संबंध फोन पुसण्याचे बटन दाबले, तर त्याला पलीकडे काय नाहीसे झाले याची कल्पनाही येत नाही. दुसरा मार्ग याहून घरगुती आहे. पिन ओळीने ठराविक वेळा चुकला तर फोनने स्वतःच स्वतःला कोरे करावे, असा नियम सर्व्हर लावू शकतो. ही संख्या चारपासून सोळापर्यंत ठेवता येते. घरात तीन वर्षांचे मूल असले म्हणजे या नियमाचा अर्थ निराळा सांगावयास नको.

अशा फोनमध्ये काय असते याचा विचार करावा. त्यात आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाची छायाचित्रे असतात. वडिलांच्या हृदयविकाराचे तपासणी-अहवाल असतात. गेलेल्या माणसाचा आवाज एखाद्या निरोपात राहून गेलेला असतो. कचेरीला यांतले काहीच नको आहे. ती आपले एक परिपत्रक दुसऱ्याच्या हाती पडू नये म्हणून झटते आहे, आणि त्या परिपत्रकाबरोबर हे सर्व जाते, कारण ते एकाच पेटीत होते. म्हणून आपल्या वस्तूंची दुसरी प्रत अन्यत्र ठेवणे हा या बाबतीतील पहिला उपाय होय. तो रोगावरचा उपाय नव्हे, हेही तितकेच खरे.

भ्रमणध्वनीची नामवही हे आणखी एक आडवळण आहे. कचेरीचे खाते जोडताना पत्रांबरोबर दिनदर्शिका व नामवहीही जुळविली जाते. त्यानंतर नवा क्रमांक साठविताना तो कोणत्या वहीत जातो, हे कोण पाहतो? पुष्कळ फोनांवर तो शेवटी जोडलेल्या किंवा मुख्य ठरविलेल्या खात्यात जातो. मग मावशीचा क्रमांक, दूधवाल्याचा क्रमांक, मुलीच्या शाळेचा क्रमांक हे सर्व कचेरीच्या सर्व्हरवर मुक्कामास जातात, आणि खाते काढले त्या दिवशी फोनमधून नाहीसे होतात. वीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झालेल्या मनुष्यास आपल्याच नातलगांचे क्रमांक पुन्हा गोळा करावे लागावेत, ही हकीकत विनोदी वाटली तरी ती यंत्राच्या दृष्टीने अगदी सुसंगत आहे.

भिंत व तिची किल्ली

वहीतील वेगळेपणाबरोबर पेटीतील वेगळेपण देणारी रचना २०१४ मध्ये अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीबरोबर आली. तिला वर्क प्रोफाइल म्हणतात. मराठीत कामाचा कप्पा म्हणावे. एकाच फोनमध्ये प्रणाली दोन स्वतंत्र रहिवासी निर्माण करते. कप्प्यातील ॲपवर लहानशा हातपेटीचे चिन्ह असते. एकच टपाल-ॲप दोन्हीकडे असू शकते, पण घरच्या ॲपला कप्प्यातील पत्र दिसत नाही व कप्प्यातील ॲपला घरचे छायाचित्र दिसत नाही. कचेरीचा व्यवस्थापक कप्प्यात कोणती ॲप असावीत हे ठरवितो, तेथील माहिती बाहेर चिकटविण्यास मनाई करू शकतो, आणि प्रसंगी कप्पा उचलून टाकू शकतो. कप्प्याबाहेरील ॲपची यादी, छायाचित्रे, निरोप, यांवर त्याची सत्ता चालत नाही. कुलूप पुरेसे बळकट असावे एवढा आग्रह तो संबंध फोनसाठी धरू शकतो, व फोनची बनावट आणि आवृत्ती त्याला कळते.

ॲपलने २०१९ मध्ये आयफोनच्या तेराव्या प्रणालीबरोबर अशीच व्यवस्था आणली. तिच्यात कचेरीची माहिती साठवणीच्या एका निराळ्या खंडावर राहते आणि त्या खंडाची सांकेतिक किल्लीही निराळी असते. खाते काढून टाकताना ती किल्ली नष्ट करतात. किल्लीवाचून खंडातील अक्षरे अर्थहीन होतात. फोनचा अनुक्रमांक या व्यवस्थेत कचेरीस दिला जात नाही, आणि संबंध फोन पुसण्याची आज्ञा तिच्यात नाहीच. ‘आम्ही पाहणार नाही’ असे वचन आणि ‘आम्हांस पाहता येत नाही’ अशी रचना, यांतील अंतर येथे दिसते. पहिल्यात वचन देणाराच्या स्वभावावर विसंबावे लागते. दुसऱ्यात तो स्वभाव कसा का असेना.

कामाचा कप्पा तात्पुरता बंद करता येतो, ही त्याची गोष्ट फारशी कोणी वापरीत नाही. बंद असताना त्यातील ॲप चालत नाहीत, पत्र आल्याची घंटा वाजत नाही, आणि सर्व्हरशी त्यांचे बोलणेही थांबते. पुण्यास गेलेल्या कारकुनाने गाडीत बसताना कप्पा बंद केला असता, तर त्याच्या चार दिवसांची कोणतीही नोंद झाली नसती. कचेरीने आक्षेप घेतला तर ती गोष्ट निराळी. तो वाद मग उघड होतो, हे बरे.

येथे एक भेद पाळला पाहिजे. व्यवस्थापनाची हीच ॲप दुसऱ्या रीतीने बसविली तर संबंध फोन कचेरीच्या ताब्यात देतात. ती रीत कचेरीने विकत घेतलेल्या फोनसाठी आहे. तीत ॲपची सगळी यादी दिसू शकते, नवे ॲप घेण्यास मनाई करता येते, हरवलेल्या फोनचे ठिकाण शोधता येते. अशी रीत स्वतःच्या फोनवर बसवून घेणे म्हणजे किल्ला आणि महाल दोन्ही एकदम स्वाधीन करणे होय. दोन रीतींची नावे सारखी व पडद्यावरील चिन्हेही सारखी असतात; म्हणून नुसते नाव ऐकून मान हलवू नये.

याउलट ज्याला दिवसातून दोन-चार पत्रेच पाहावयाची आहेत, त्याला यांतल्या कशाचीच गरज नाही. फोनमधील ब्राउझर उघडून कचेरीच्या टपालाच्या पानावर जावे, पत्र वाचावे व बाहेर पडावे. फोनवर कोणताही अधिकार द्यावा लागत नाही. सर्व्हरला भेटीची वेळ, इंटरनेट-पत्ता व ब्राउझरचा प्रकार तेवढा कळतो. पत्र आल्याबरोबर घंटा वाजत नाही, ही गैरसोय की सोय हे ज्याने त्याने ठरवावे.

भिंतीला वळसा घालणाऱ्या वाटा

कप्पा कितीही पक्का असला तरी फोन ज्या तारेवरून बोलतो ती तार कोणाची, हा प्रश्न उरतोच. कचेरीच्या वाय-फायवर घरचा फोन जोडला, तर त्यावरून कोणत्या संकेतस्थळांकडे वाहतूक चालली आहे हे कचेरीच्या जाळ्यास बहुधा दिसते. आतील मजकूर सांकेतिक असल्यामुळे दिसत नाही. बँकेचे नाव दिसेल, शिल्लक दिसणार नाही. रुग्णालयाचे नाव दिसेल, रोग दिसणार नाही. पण रुग्णालयाचे नाव पुरेसे बोलके असते. कचेरीने स्वतःचे प्रमाणपत्र संबंध फोनमध्ये बसवून घेतले असेल, तर पुष्कळ ठिकाणी आतील मजकूरही उलगडता येतो. म्हणून ‘वाय-फायसाठी हे प्रमाणपत्र बसवा’ अशी सूचना आली तर ते कशासाठी हे विचारावे, अथवा घरच्या भागासाठी स्वतःचेच मोबाइल जाळे वापरावे.

गळती उलट दिशेनेही होते, व कचेरीची काळजी तेथे रास्त असते. पत्रासोबतचे कागद फोनमध्ये उतरविले की ते घरच्या छायाचित्रांत मिसळतात आणि रात्री आपोआप खासगी साठवणीवर चढतात. कुलूपबंद पडद्यावर पत्राची पहिली ओळ झळकते व ती स्वयंपाकघरातून वाचता येते. एखाद्या सहकाऱ्याच्या निलंबनाची बातमी अशा रीतीने शेजारी पोहोचली, तर खासगीपणा त्या सहकाऱ्याचा गेला, फोनधारकाचा नव्हे. या विषयावर बोलताना ही बाजू सहसा विसरली जाते.

आणि एक वाट अशी आहे की जिच्यापुढे भिंतीचा उपयोग फार थोडा. एखाद्या प्रकरणाच्या चौकशीत कायद्याने अधिकार असलेल्या यंत्रणेने फोन जप्त केला, तर तो अर्धा जप्त होत नाही. कचेरीचे एक पत्र पुरावा म्हणून हवे असते, आणि त्याबरोबर सगळी पेटी जाते. जे काम करताना असा प्रसंग संभवतो, ते काम घरच्या फोनवर घेऊच नये; दुसरा स्वस्त फोन त्याहून स्वस्त पडतो.

कायदा कोठवर पोहोचतो

उत्तर प्रदेशच्या पोलिसी नियमावलीवरून उद्भवलेला एक खटला भारतीय कायद्यात प्रसिद्ध आहे. पोलिसांनी पाळतीखाली ठेवलेल्या खडक सिंग नावाच्या इसमाच्या घरी रात्रीअपरात्री जाऊन दार ठोठावण्याची त्या नियमावलीत मुभा होती. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या या भेटी घटनाबाह्य ठरविल्या, परंतु खासगीपणा हा घटनेने दिलेला हक्क नव्हे असेही त्याच निकालात म्हटले. ही विसंगती पंचावन्न वर्षे राहिली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमुखी निर्णय दिला व १९६२ च्या निकालातील तो भाग रद्द केला. हा हक्क मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध आहे. म्हणून सरकारी कचेरीतील नोकराला त्याचा आधार जितका थेट, तितका खासगी कारखान्यातील नोकराला नाही.

२०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, व मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावीत असे त्यात ठरले. माहिती घेण्यापूर्वी संमती घ्यावी हे या कायद्याचे सूत्र आहे. पण काही कारणांसाठी संमतीवाचूनही माहिती वापरण्याची त्यात मुभा आहे, आणि नोकरीसंबंधीचे प्रयोजन हे त्यांपैकी एक होय. मालकाचे नुकसान टाळणे, व्यवसायाची गुपिते राखणे यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. कचेरीच्या पत्रांवर कचेरीने देखरेख ठेवणे या मुभेत सहज बसते. घरच्या छायाचित्रांपर्यंत ती ताणता येणार नाही असे कलमाच्या भाषेवरून वाटते. तथापि कोणती देखरेख नोकरीसाठी आणि कोणती तिच्या निमित्ताने, हे कलम सांगत नाही.

युरोपातील मानवी हक्क न्यायालयापुढे रुमानियातील एका अभियंत्याचे प्रकरण गेले होते. कामासाठी उघडलेल्या संदेश-खात्यावरून त्याने घरच्यांशी बोलणे केले. मालकाने ते वाचले, त्याची पाने छापली व त्याला काढून टाकले. ५ सप्टेंबर २०१७ रोजी न्यायालयाच्या मोठ्या पीठाने निर्णय त्याच्या बाजूने दिला. देखरेख होणार हे आधी सांगितले होते काय, ती किती खोलवर केली, आणि याहून सौम्य उपायाने भागले नसते काय, हे तपासल्याशिवाय अशी देखरेख मान्य करता येत नाही, असे त्या पीठाचे म्हणणे पडले. हा निर्णय भारतात बंधनकारक नाही. पण त्यातील प्रश्न कोणत्याही कचेरीत विचारता येण्यासारखे आहेत, व ते विचारण्यास वकील लागत नाही.

विचारावयाचे ते लेखी विचारावे. फोन पुसण्याचा अधिकार संबंध फोनवर आहे की कप्प्यापुरता, पिन किती वेळा चुकल्यास काय होते, भेटींची नोंद किती दिवस ठेवली जाते, ती कोण वाचू शकतो, आणि स्वतःचा फोन न वापरावयाचा असल्यास कचेरी दुसरी काय सोय करते, एवढे एका पत्रात मावते. संगणक-विभागातील मनुष्य या प्रश्नांनी रागावत नाही, असाच बहुधा अनुभव येतो. त्यांची उत्तरे आपल्याजवळ आहेत हे सांगण्यास तो उत्सुक असतो. उत्तर कोणाजवळच नाही असे निघाले, तर ती माहिती उत्तराइतकीच उपयोगी आहे. तोपर्यंत टपाल ब्राउझरमधून वाचावे.

नोकरी बदलताना अथवा निवृत्त होताना क्रम उलटा घालावा लागतो. प्रथम नामवही उघडून कोणते क्रमांक कचेरीच्या खात्यात बसले आहेत ते पाहावे व घरचे ते घरच्या खात्यात आणावेत. दिनदर्शिकेतील वाढदिवस व श्राद्धतिथी उतरवून घ्याव्यात. बँकेच्या किंवा विजेच्या खात्यासाठी कचेरीचा ई-मेल पत्ता दिला असेल तर तो बदलावा. नाही तर पासवर्ड विसरल्याचे पत्र अशा पेटीत जाऊन पडेल की जिची किल्ली आता आपल्याजवळ नाही. यानंतर छायाचित्रांची दुसरी प्रत करावी. मग कामाचा कप्पा आपल्या हाताने काढून टाकावा, फोनच्या सुरक्षिततेच्या पानावर जाऊन कचेरीच्या नावाने एखादा अधिकार अगर प्रमाणपत्र मागे राहिले आहे काय ते तपासावे, आणि सर्व्हरच्या यादीतूनही हा फोन काढल्याचे दोन ओळींचे पत्र कचेरीकडून मागून घ्यावे.